अनुभव कोणाच्या खर्चानें ?

अनुभव ही वस्तु अंकांनीं मोजतां येते असें आमच्या विद्यार्थिदशेंत कोणी म्हटलें असतें, तर गिरगांवांतल्या आमच्या चाळींतील वडीलधाऱ्या मंडळींनीं त्यास वेड्यांत काढलें असतें. अनुभव म्हणजे केस पांढरे झाल्यावर हातीं लागणारी, आणि हातीं लागली तरी दुसऱ्यास देतां न येणारी चीज, अशी त्या मंडळींची पक्की समजूत होती. आजचा काळ निराळा आहे. आज दादरच्या एखाद्या घरांत संध्याकाळीं सहज डोकावलें, तर पंधरासोळा वर्षांचा मुलगा संगणकाच्या पडद्यासमोर बसून, आपल्या सेनापतीस आतांच थोडा अनुभव अधिक मिळाला व त्याच्या नांवापुढें आणखी एक तारका उमटली, हें वर्तमान मोठ्या उत्साहानें आपणांस सांगेल. ज्या गोष्टीसाठीं माणसें सारें आयुष्य वेंचीत आलीं, ती अशी आंकड्यांत उतरलेली पाहून प्रथम हंसूं येतें. मग मात्र ह्या आंकड्यांत काय धरलें आहे आणि काय सोडलें आहे, हा विचार मनांत घोळूं लागतो. तो विचार वाचकांपुढें मांडावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या खेळांशीं ज्यांचा परिचय नाहीं अशा वाचकांसाठीं आधीं चार शब्द सांगितले पाहिजेत. इतिहासांतला एखादा काळ व एखादें राज्य निवडावें, त्याचा खजिना, किल्ले व फौजा आपल्या हातीं घ्याव्या, आणि शेजाऱ्यांशीं तह किंवा लढाई करीत तें राज्य वाढवावें, असें ह्या खेळांचें साधारण स्वरूप असतें. २००९ सालीं इंग्लंडांत निघालेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ ह्या खेळांत अठराव्या शतकाचा काळ असून, खेळणाऱ्यास मराठ्यांचें राज्यही निवडतां येतें. त्यांत प्रत्येक सेनापतीच्या नांवाशीं कांहीं तारका असतात. लढाया जिंकल्या म्हणजे तारका वाढतात. तारका वाढल्या म्हणजे त्याच्या भोंवतालचे शिपाई अधिक धीरानें उभे राहतात. २०१३ सालीं स्वीडनमध्यें तयार झालेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ ह्या मालिकेच्या चौथ्या खेळांत हिशोब जरा वेगळा आहे. तेथें सेनापतीचे चार गुण निरनिराळे मोजतात : तोफाबंदुकांच्या माऱ्यांतलें, समोरासमोर भिडण्यांतलें, फौज हालविण्यांतलें व वेढा घालण्यांतलें कौशल्य. नवा सेनापति कोणत्या योग्यतेचा निघावा हें कांहींसें नशिबावर व कांहींसें त्या राज्याच्या लष्करी परंपरेवर अवलंबून असतें. ही परंपरा लढायांनीं व वेढ्यांनीं वाढते, आणि शांततेच्या काळांत वर्षावर्षानें झिजत जाते. हा हिशोब ज्यांनीं बसविला त्यांस इतिहासाची जाण नव्हती असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आम्हांस ह्या विषयाची गोडी लागली ती आमच्या एका विद्यार्थ्यामुळें. लालबागच्या एका चाळींतून तो कॉलेजांत येतो. अभ्यासांत तो मध्यम, पण बाजीराव आणि महादजी यांच्याविषयीं बोलूं लागला म्हणजे त्याची जीभ थांबत नाहीं. एकदां तास संपल्यावर तो आम्हांस सांगूं लागला कीं, मराठ्यांचें राज्य घेऊन त्यानें दिल्लीपर्यंत मजल मारली आहे, आणि त्याचा सेनापति आतां एवढा अनुभवी झाला आहे कीं, त्याच्या हाताखालची फळी सहसा फुटत नाहीं. आम्हीं सहज विचारलें, “ह्या अनुभवापायीं तुझीं माणसें किती पडलीं ?” तो क्षणभर गोंधळला. “तें लक्षांत नाहीं, सर,” तो म्हणाला, “पैसे भरले कीं तुकडी पुन्हां पूर्ण होते.” ह्या उत्तरांत थट्टा नव्हती, निष्ठुरताही नव्हती. खेळाचा नियमच तसा आहे, आणि तो त्यानें सरळ सांगितला. परंतु तें वाक्य आमच्या मनांतून जाईना.

युद्धाचे खेळ कांहीं आजच निघाले आहेत असें नाहीं. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशा चार अंगांच्या सेनेवरून ज्यास चतुरंग हें नांव पडलें, त्या आपल्याच जुन्या खेळापासून बुद्धिबळें निघालीं. बुद्धिबळांत मात्र अनुभवाची तारका कोणत्याही मोहऱ्याच्या नांवावर चढत नाहीं. वजीर हजार डाव लढला तरी पुढच्या डावाला तो पहिल्या दिवसाइतकाच कोरा असतो, आणि घोडा जन्मभर अडीच घरेंच चालतो. जें कांहीं शिकावयाचें तें पटाबाहेर बसलेल्या माणसानें शिकावें. गिरगांवकरांस ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. १९७४ सालीं भारतांत स्त्रियांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा प्रथम भरली, ती खाडिलकर भगिनींपैकीं वासंती हिनें जिंकली. पुढें जयश्री व रोहिणी ह्या तिच्या बहिणींनींही तें पद मिळविलें, आणि १९८१ सालीं रोहिणी आशियाची विजेती झाली. ती राष्ट्रीय विजेती पहिल्यानें झाली १९७६ सालीं. तेव्हां तिचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें. तेरा वर्षांच्या मुलीच्या गांठीं वर्षें तीं किती असणार ! परंतु घरांतच तोडीस तोड अशा दोन बहिणी समोर बसावयास असल्या, म्हणजे हरण्याच्या संधीही पुष्कळ मिळतात. आणि हरलेला डाव पुन्हां मांडून पाहणें ही ज्या खेळाची रीत आहे, त्यांत लहान वयांतही पोक्तपणा येऊं शकतो. शिवाय बुद्धिबळांतल्या पराभवाची किंमत फार तर एका रात्रीच्या झोंपेइतकी असते, आणि ती हरणारा स्वतःच देतो. ह्या दृष्टीनें पाहतां बुद्धिबळ हा मोठा सभ्य खेळ आहे.

लष्करी लोकांचें एवढ्यानें समाधान झालें नाहीं. प्रशियाच्या फौजेंतील राइसविट्स नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें आपल्या वडिलांची कल्पना सुधारून १८२४ सालीं एक युद्धखेळ सिद्ध केला. प्रमाणशीर काढलेले नकाशे, त्यांवर तुकड्यांचे लहान ठोकळे, मारा किती लागू पडला हें ठरविण्यास फांसे, आणि दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच, असा त्याचा थाट होता. शत्रूची फौज कोठें आहे हें पंच सांगेल तेवढेंच खेळणाऱ्यास कळावयाचें. शांततेच्या दिवसांतही तरुण अधिकाऱ्यांस रक्त न सांडतां कांहीं अनुभव मिळावा, हा त्यांतला हेतु. पुढें नियम व कोष्टकें इतकीं वाढलीं कीं, खेळ पुढें सरकेना. तेव्हां १८७६ सालीं फेर्डी द्यु व्हेर्नुआ नांवाच्या प्रशियन अधिकाऱ्यानें असें सुचविलें कीं, फांसे व कोष्टकें बाजूस ठेवावीं, आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर भिस्त ठेवावी. म्हणजे पन्नास वर्षें आंकड्यांशीं झटून शेवटीं गाडी पुन्हां माणसापाशींच आली. आजच्या संगणकानें तो पंच काढून टाकला असून कोष्टकें मात्र पोटांत सांठविलीं आहेत.

आतां हा तारकांचा हिशोब आपल्या इतिहासास लावून पाहूं. बाजीरावास १७२० सालीं पेशवेपद मिळालें तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता, आणि एवढ्या पोरवयाच्या माणसाच्या हातीं राज्याचा कारभार द्यावा काय, अशी कुरकुर दरबारांतल्या कांहीं जुन्या मंडळींनीं केली. खेळाच्या नियमानें ती कुरकुर अगदीं रास्त होती. त्याच्या नांवावर स्वतः जिंकलेली मोठी लढाई नव्हती, म्हणजे तारकाही नव्हती. परंतु वडिलांबरोबर तो मोहिमांवर हिंडला होता. १७१९ सालीं मराठ्यांची फौज दिल्लीस गेली त्या वेळीं तोही बरोबर होता, आणि मोगल बादशाहीचें खोड आंतून किती पोखरलें आहे हें त्यास तेथें दिसलें. पाहण्यानेंही माणूस शिकतो. पण पाहिलेल्याची तारका कोणी देत नाहीं.

पुढें आठ वर्षांनीं निजाम पुण्याच्या मुलखांत शिरला, तेव्हां बाजीराव त्याच्या समोर जाऊन उभा राहिला नाहीं. त्यानें निजामाच्याच मुलखांत धामधूम मांडली, खानदेश व गुजराथेकडे घोडीं फिरविलीं, बुऱ्हाणपुरावर जातों असें भासविलें, आणि जड तोफखाना मागें टाकून निजाम धांवत आला तेव्हां १७२८ च्या फेब्रुवारींत पालखेडाजवळ त्यास पाण्यावांचून कोंडलें. मार्च महिन्यांत मुंगी-शेवगांवचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धांतील इंग्रज सेनापति माँटगोमेरी यानें १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या युद्धेतिहासांत ह्या मोहिमेची मोठी वाखाणणी केली आहे. गंमत ही कीं, तींत मोठी हातघाईची लढाई अशी झालीच नाहीं. शत्रूस हतबल करून माणसें वांचविणें हें जर सेनापतित्वाचें मर्म असेल, तर लढायांच्या संख्येवर तारका वांटणारा कारकून पालखेड कोणत्या रकान्यांत मांडणार ?

ह्याच्या उलट उदाहरण पानिपताचें आहे. सदाशिवरावभाऊ अननुभवी होता असें म्हणण्याचा एक प्रघात पडला आहे. तो आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. कर्नाटकच्या स्वाऱ्यांत तो वावरला होता, आणि १७६० च्या फेब्रुवारींत उदगीर येथें त्यानें निजामाच्या फौजेस पुरतें नमविलें होतें. इब्राहीमखान गारद्याच्या तोफा व कवायती पायदळ यांचा प्रभाव त्या मोहिमेंत त्यास दिसला. उदगिरीनें भाऊस जें शिकविलें तें उदगिरीपुरतें खरेंच होतें. वर्ष पुरें होण्याच्या आंत तीच शिकवण घेऊन तो पानिपतावर उभा राहिला. मल्हारराव होळकर त्या वेळीं सदुसष्ट वर्षांच्या घरांत होता. धनगराच्या कुळांत जन्मून चाळीस वर्षें त्यानें घोड्यावर काढलीं होतीं. बायकापोरें, यात्रेकरू आणि जड सामान मागें सुरक्षित जागीं ठेवून गनिमी काव्यानें लढावें, असा सल्ला त्यानें व सूरजमल जाटानें दिला, असें सांगतात. एका बाजूस वर्षाच्या आंतला ताजा विजय आणि दुसऱ्या बाजूस चाळीस वर्षांची जुनी वहिवाट, असे दोन अनुभव एकाच तंबूंत समोरासमोर आले. भाऊनें ताजा अनुभव उचलला. परंतु उदगीर घराजवळ होतें. पानिपतावर दिल्लीचा रस्ता तुटलेला, धान्य संपलेलें आणि पाठीशीं न लढणाऱ्यांचा अफाट जमाव, अशी स्थिति होती. १४ जानेवारी १७६१ रोजीं काय झालें तें मराठी वाचकास सांगावयास नको. आमचें म्हणणें एवढेंच कीं, भाऊपाशीं अनुभव होता, आणि त्या अनुभवानेंच त्यास दगा दिला. विजय हा फार भोळा गुरु आहे. तो शिष्यास कारण विचारीत नाहीं, नुसती पाठ थोपटतो.

ह्या गोष्टीचा पडताळा पाहण्यासाठीं मुंबईकरांस पानिपतापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. परळ-लालबाग पुरे आहे. १९२८ सालीं कापड गिरण्यांतील संप सहा महिने टिकला आणि गिरणी कामगार युनियनचें बळ एकाएकीं वाढलें. त्या बळाच्या भरंवशावर १९२९ मध्यें पुन्हां सार्वत्रिक संप झाला. तो फसला आणि युनियन मोडकळीस आली. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगार डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं संपावर गेले. त्यापूर्वींच्या दहाएक वर्षांत यंत्रसामानाच्या व इतर कारखान्यांतून लांबलचक संप लढवून डॉक्टरांनीं कामगारांस मोठी पगारवाढ मिळवून दिली होती. खेळाच्या भाषेंत बोलावयाचें तर त्यांच्या नांवापुढें तारकांची रांग लागली होती, आणि ती पाहूनच गिरणी कामगार आपण होऊन त्यांच्या दाराशीं गेले. परंतु ज्या कारखान्यांत ह्या तारका मिळाल्या, तेथें बहुधा मालक एक असे, नफा चढता असे, आणि यंत्र बंद पडलें कीं त्याचें रोजचें नुकसान होत असे. गिरण्यांची गोष्ट वेगळी पडली. तेथें मालक अनेक; कित्येकांजवळ न खपलेल्या मालाचे सांठे; भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड निघतच होतें; आणि १९४६ च्या कायद्यानें वाटाघाटींचा हक्क दुसऱ्याच संघटनेपाशीं होता. जो वेढा कारखानदारास असह्य झाला असता, तो कित्येक गिरणीमालकांस परवडला. संप रीतसर मागें घेतला असा दिवस उगवलाच नाहीं. तो महिन्यांमागून महिने झिजत गेला. हजारों कुटुंबें कोंकणांत व घाटावर आपापल्या गांवीं परतलीं, आणि पुष्कळशा गिरण्यांच्या जमिनींवर आज उंच इमारती उभ्या आहेत. डॉक्टरांच्या निष्ठेविषयीं शंका घेण्याचा आमचा हेतु नाहीं. १९९७ सालीं त्यांची हत्या झाली तोंपर्यंत ते कामगारांच्या बाजूनेंच उभे होते. एका रणांगणावर मिळालेला अनुभव दुसऱ्या रणांगणावर तसाच्या तसा चालेल, हा भरंवसा किती महाग पडतो, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे आजोबा ह्याच संपांत होते. ही गोष्ट त्यानें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं सांगितली. गिरणी सुटल्यावर ते गांवीं गेले, कांहीं वर्षें भातशेतींत राबले, आणि पुढें मुंबईस परत येऊन एका इमारतीच्या दाराशीं रात्रीच्या पहाऱ्यावर बसले. संपाविषयीं ते घरांत कधीं बोलत नाहींत. “पुढाऱ्यांचें काय चुकलें ह्यावर लोक अजून वाद घालतात, सर,” तो म्हणाला, “आजोबांना मात्र कोणी विचारायला येत नाहीं.” त्याच्या खेळांतली, पैसे भरले कीं पूर्ण होणारी ती तुकडी आम्हांस त्या वेळीं आठवली. तें आमच्या ओठांवर आलें होतें. पण आम्ही बोललों नाहीं. त्यालाही तें आपोआप आठवलें असावें, कारण तो बराच वेळ गप्प राहिला.

शंभर जणांस मारल्यावर माणूस वैद्य होतो, अशी एक जुनी बोचरी म्हण आहे. तींत अतिशयोक्ति असली तरी असत्य नाहीं. वैद्याचा अनुभव रोग्यांच्या, वकिलाचा अनुभव अशिलांच्या, आणि आम्हां शिक्षकांचा अनुभव पहिल्या कांहीं वर्षांतल्या विद्यार्थ्यांच्या खर्चानें तयार होतो. परंतु रोगी दुसऱ्या वैद्याकडे जाऊं शकतो, अशील वकील बदलूं शकतो, आणि विद्यार्थी तर मास्तरांस टोपणनांव ठेवून तेव्हांच फेड करून घेतो. शिपायास ह्यांतलें कांहींच करतां येत नाहीं. आर्थर वेलस्ली १७९९ सालीं श्रीरंगपट्टणाच्या वेढ्याच्या आरंभीं, नीट न पाहिलेल्या एका बागेवर रात्रीं चालून गेला, आणि त्याचा तो हल्ला फसला. शत्रूचें ठिकाण दिवसा पाहिल्यावांचून त्यावर रात्रीं हल्ला करावयाचा नाहीं, हा धडा त्यानें त्यापासून जन्मभराचा घेतला. धडा त्याला मिळाला; पण त्या रात्रीं टिपूच्या हातीं सांपडून मारल्या गेलेल्या शिपायांस त्या धड्याचा काय उपयोग ? पुढें १८०३ सालीं असईच्या लढाईंत ह्याच वेलस्लीचीं दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. म्हातारपणीं त्यास आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असें विचारलें असतां, त्यानें वॉटर्लूचें नांव न घेतां असईचें घेतलें, असें सांगतात. अनुभव ज्याच्या नांवावर जमा होतो तो एक, आणि ज्याच्या नांवावर खर्च पडतो तो दुसरा. खेळाच्या वहींत जमेची बाजू सोन्याच्या तारकांनीं लिहिलेली असते; खर्चाची बाजू पैसे भरले कीं कोरी होते.

ह्या दृष्टीनें आम्हांस महादजी शिंद्याचें चरित्र फार मननीय वाटतें. खेळाच्या नियमानें पानिपताच्या संध्याकाळीं त्याच्या नांवावर शून्य पडलें असतें. फौज बुडाली होती. भाऊ दत्ताजी वर्षापूर्वींच बुराडी घाटावर पडला होता; पुतण्या जनकोजी पानिपतांत गेला. स्वतः महादजीच्या पायावर पाठलाग करणाऱ्या पठाणाचा घाव बसला आणि तो जन्माचा लंगडा झाला. राणेखान नांवाच्या एका भिस्त्यानें त्यास आपल्या पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलें, अशी कथा आहे. ह्या पराभवाचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. १७७९ च्या जानेवारींत मुंबईच्या इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर चालून आली. तिच्याबरोबर बैलांचा व सामानाचा प्रचंड लवाजमा होता. मराठ्यांनीं तिच्या वाटेवरचा दाणावैरण नाहींसा केला, मागची वाट रोखली, आणि वडगांवास तिला तह करावयास लाविलें. ह्या मोहिमेच्या सूत्रधारांत महादजी होता. लवाजम्यानें जड झालेली फौज परक्या मुलखांत उपाशी कोंडली गेली म्हणजे काय होतें, हें पानिपतावर त्यानें एका बाजूनें भोगलें होतें. अठरा वर्षांनीं वडगांवास त्यानें तेंच दुसऱ्या बाजूनें घडविलें.

त्याहूनही विशेष हें कीं, ज्या कवायती पायदळामुळें व तोफांमुळें पानिपत बुडालें असें जुने लोक म्हणत होते, तीं त्यानें टाकून दिलीं नाहींत. १७८४ च्या सुमारास त्यानें द बॉयन ह्या परदेशी अधिकाऱ्यास नोकरीस ठेवून नवे कंपू उभारण्यास आरंभ केला. १७८७ सालीं लालसोटास त्यास माघार घ्यावी लागली. तरी तो त्याच वाटेनें पुढें गेला, आणि १७९० सालीं पाटण व मेडता येथें त्या कंपूंनीं विजय मिळविले. भाऊचा मार्ग आणि मल्हाररावाचा मार्ग हे दोन्ही त्याच्या हातीं होते, आणि कोणता कोठें चालतो हें त्याला कळत होतें. ज्याला आम्ही अनुभव म्हणतों तो हा.

पण असा अनुभव वारसानें मिळत नाहीं. १७९४ सालीं महादजी वारला. कंपू राहिले, तोफा राहिल्या, शिकलेले गोलंदाज राहिले. १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपलें तेव्हां कंपूंतले कित्येक यूरोपीय अधिकारी शिंद्यांची नोकरी सोडून गेले, आणि त्यांचा मुख्य पेरॉन हाही इंग्रजांच्या आश्रयास गेला. असईच्या रणावर शिंद्यांचे गोलंदाज मात्र तोफांपाशींच लढत पडले. युद्धाचा अनुभव त्या दिवशीं शिपायांपाशीं भरपूर होता. त्याचा उपयोग करून घेणारें माणूस वर उरलें नव्हतें. स्वीडनच्या त्या खेळांत लष्करी परंपरा वर्षावर्षानें झिजते असें दाखविलें आहे, तें ह्या दृष्टीनें यथार्थ आहे. फक्त ती शांततेनेंच झिजते असें नाहीं. वरच्यांची आणि खालच्यांची ओळख तुटली म्हणजे ती एका दिवसांतही नाहींशी होते.

एवढें लिहिलें म्हणून आमचा ह्या खेळांवर राग आहे असें कोणी समजूं नये. ज्या मुलांस इतिहासाचें पाठ्यपुस्तक उघडवत नाहीं, तीं मुलें ह्या खेळांपायीं नकाशे पाहतात, घाट व नद्या ओळखूं लागतात, आणि रसद तुटली म्हणजे शूर फौजही निकामी होते हें हातांनीं करून शिकतात. आमच्या पिढीस सनावळ्या पाठ होत्या, पण पालखेड नकाशावर दाखवितां येत नव्हतें. आमच्या विद्यार्थ्यास तें दाखवितां येतें. दोष दाखवावयाचा झाला तर एका सोयीचा दाखवितां येईल. हरलेला डाव पुसून, मागें जपून ठेवलेल्या जागेपासून पुन्हां खेळण्याची सवलत ह्या खेळांत असते, आणि मुलें पराभव दिसूं लागला कीं तिचा आश्रय घेतात. महादजीस ती सवलत असती, तर त्यानें पानिपताची सकाळ पुन्हां मांडली असती. मग त्याचा पाय शाबूत राहिला असता, पण वडगांव त्यास सुचलें असतें कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

प्रशियाच्या खेळांत जो पंच होता, त्याची जागा घरांत आईबापांनीं व शाळाकॉलेजांत आम्हां मंडळींनीं घ्यावी, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं खेळ यावा लागतो असें नाहीं. लढाई संपली म्हणजे टोटल वॉरच्या पडद्यावर दोन्ही बाजूंचे किती लढले व किती पडले ह्याचा तक्ता येतो. खेळ करणारांनीं तो प्रामाणिकपणें दिलेला आहे. मुलें तो न वाचतां पुढें जातात, कारण त्यांचें लक्ष नव्या तारकेकडे असतें. अशा वेळीं जवळ बसून त्यांच्याकडून तो आंकडा एकदां मोठ्यानें वाचून घ्यावा, आणि मग त्यांस सुखानें पुढची लढाई खेळूं द्यावी.